काढलं तरी परत येणारं एक्स्टेन्शन : एका प्रकरणाची पूर्ण नोंद

आत्याचा फोन आला तेव्हा तिचा आवाज रडवेला होता. ती घरून अनुवादाचं काम करते आणि ते सगळं ब्राउझरमध्येच चालतं. एका टॅबमध्ये मूळ मजकूर, शेजारच्या टॅबमध्ये अनुवादाचा एडिटर, आणि आणखी चार-पाच टॅबमध्ये शब्दकोश. त्या दिवशी दुपारी एडिटरचा टॅब तिसऱ्यांदा कोसळला होता. पान कोरं झालं, मधोमध ते उदास तोंडाचं चित्र आलं, आणि सेव्ह न झालेली अडीच पानं गेली. "अरे, मीच काहीतरी भलतं दाबलं असणार," हे तिचं पहिलं वाक्य. दुसरं, "ते एक्स्टेन्शन मी चारदा काढलं. जातच नाही ते."

कागदपत्रांचं रूपांतर करून देणाऱ्या एका फुकट प्रोग्रामबरोबर ते एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडली जाणारी छोटी पुरवणी, आलं होतं. त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही. अशा वस्तूंची नावं बदलत राहतात, आणि नाव धरून शोधत बसलेला माणूस चुकीच्या वाटेला लागतो. संगणक विंडोजचा, मेमरी ८ गिगाबाइट, ब्राउझर क्रोम. संगणक तिचा स्वतःचा, घरचा; कुठल्याही कार्यालयाशी त्याचा संबंध नाही. हा शेवटचा तपशील पुढे फार कामी आला.

तिने आधी केलेले उपाय

मी पोचण्याआधी तिने जे जे करून पाहिलं होतं, त्यात मूर्खपणाचं काहीच नव्हतं. हे मी तिला आधी सांगितलं, कारण "माझंच चुकलं" असं मनात घेऊन बसलेला माणूस पुढचे तपशील नीट आठवून सांगत नाही, अर्धे लपवतो.

सगळ्यात आधी तिने तो रूपांतराचा प्रोग्राम अनइन्स्टॉल केला. मग क्रोमच्या एक्स्टेन्शनच्या पानावर गेली, तर काढण्याचं बटण फिकट पडलेलं, आणि चालू-बंद करायचा खटकाही हलेना. मग तिने क्रोमच काढून पुन्हा बसवला, दोन वेळा. दोन्ही वेळा पहिल्यांदा उघडल्यावर काही क्षणांतच ते एक्स्टेन्शन हजर. मग कुठेतरी वाचून तिने प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये शिरून त्या एक्स्टेन्शनचं फोल्डर डिलीट केलं. तेही परत आलं. अँटिव्हायरसने दोन तास घेऊन 'काही सापडलं नाही' असं सांगितलं. आणि एका जुन्या सूचनेवरून ती क्रोममधलं प्लग-इनचं पान शोधत बसली होती. ते पान आता अस्तित्वातच नाही, २०१७ मध्ये क्रोमच्या ५७व्या आवृत्तीत ते गेलं.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण शब्दांच्या गोंधळात अनेकांचे तास जातात. बोलताना आपण प्लग-इन, ॲड-ऑन, एक्स्टेन्शन सगळं एकच धरतो. पण पूर्वीचं प्लग-इन हा खरोखरचा परका प्रोग्राम असायचा. नेटस्केपच्या काळात, १९९५ च्या सुमारास ठरलेल्या पद्धतीने तो थेट ब्राउझरच्या पोटात बसायचा आणि पडला की ब्राउझरला घेऊन पडायचा. २०१० मध्ये फायरफॉक्सने ३.६.४ या आवृत्तीत प्लग-इन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायला सुरुवात केली, ती याच त्रासापायी. क्रोमने २०१५ मध्ये ती जुनी पद्धत पूर्ण बंद केली, फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश तेवढं ठेवून बाकी सगळं बंद केलं, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचाही आधार संपला. आज आपण काढायला बसतो ते एक्स्टेन्शन म्हणजे जावास्क्रिप्टच्या काही फाइली असतात. त्यामुळे 'प्लग-इन कसं काढावं' असं शोधून मिळालेली बरीचशी माहिती आजच्या ब्राउझरला लागूच होत नाही.

तिच्या बाकीच्या उपायांत एक गोष्ट समान होती. प्रत्येक वेळी तिने एक्स्टेन्शन काढायचा प्रयत्न केला, पण ते परत कोण ठेवतंय हा प्रश्न कधी विचारला नाही. मीही पहिल्या दिवशी तो अर्धाच विचारला, ते पुढे येईलच.

आधी फक्त पाहिलं

पहिला एक तास मी कशालाही हात लावला नाही. आत्याला विचारलं, "हे कोसळणं नक्की कधीपासून?" ती म्हणाली, दहा-बारा दिवस झाले असतील. "आणि एक्स्टेन्शन कधीपासून आहे?" यावर तिने विचार केला आणि म्हणाली, "ते तर कित्येक महिने आहे रे. पण पूर्वी त्रास नव्हता." मग आम्ही तारखा जुळवायला बसलो. तिने तो प्रोग्राम अनइन्स्टॉल केला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून टॅब कोसळायला लागले होते. म्हणजे नको असलेली गोष्ट काढायला गेली आणि त्रास तिथूनच सुरू झाला. हे तिला विचित्र वाटलं. माझ्या दृष्टीने तो सगळ्यात मोलाचा धागा होता.

मग एक साधी चाचणी. क्रोमच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या आणि फक्त अतिथी खिडकी उघडली. अतिथी म्हणून चालवताना एक्स्टेन्शन चालत नाहीत. नेहमीच्या प्रोफाइलची खिडकी मागे उघडी राहिली तर मात्र चाचणीला अर्थ उरत नाही, एक्स्टेन्शन तिकडे चालूच राहतं. आत्याने तिथे दीड तास काम केलं, तेवढेच टॅब उघडून. एकही टॅब कोसळला नाही. म्हणजे मेमरीचा पार्ट, विंडोज, क्रोम स्वतः, अनुवादाचा एडिटर, या सगळ्यांवरचा संशय बराच कमी झाला.

पुन्हा नेहमीचं प्रोफाइल उघडून शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, विंडोजचा नव्हे. त्यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन किती मेमरी खातं ते वेगळं दिसतं. बहुतेकांना हे ठाऊक नसतं, आणि माझ्या मते अशा तक्रारीत पहिली दहा मिनिटं इथेच घालवायला हवीत. त्या एक्स्टेन्शनची ओळ सुरुवातीला ८० मेगाबाइटवर होती. दहा मिनिटांत ६०० झाली. पुढे ती चढतच राहिली, १ गिगाबाइट, दीड, आणि पावणेदोनच्या आसपास ती ओळ यादीतून एकदम गेली. काही सेकंदांनी परत आली, पुन्हा ८० वर. आणि पुन्हा चढायला लागली.

म्हणजे कोसळत होतं ते मुळात एक्स्टेन्शन, आणि ते पुन्हा पुन्हा. एरवी एक्स्टेन्शन कोसळलं की क्रोम तसा निरोप दाखवतो. पण पॉलिसीच्या, म्हणजे ब्राउझरवर वरून लादलेल्या नियमाच्या, जोरावर बसवलेलं एक्स्टेन्शन असलं तर ब्राउझर ते गुपचूप पुन्हा उभं करतो, म्हणून आत्याला त्याचं कोसळणं कधी दिसलंच नाही. तिला दिसत होतं ते फक्त त्याच्या फुगण्याचं फळ : संगणकाची मेमरी संपत आली की तिचा एडिटर बळी जायचा.

बटण फिकट का होतं

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत खाली एक ओळ होती : ब्राउझर तुमची संस्था व्यवस्थापित करते, अशा अर्थाची. आत्याने ती रोज पाहिली होती आणि 'असेल काहीतरी' म्हणून सोडून दिली होती. घरच्या संगणकावर ही ओळ दिसली की थांबून पाहावं. कार्यालयांना आपल्या शेकडो संगणकांवर ठरावीक एक्स्टेन्शन सक्तीने बसवता यावं, म्हणून क्रोममध्ये पॉलिसीची सोय आहे. अशा एक्स्टेन्शनला वापरणाऱ्याने काढता येऊ नये, हाच तिचा उद्देश. कार्यालयासाठी ती सोय योग्य आहे. पण विंडोजवर ही पॉलिसी म्हणजे रजिस्ट्रीतल्या, विंडोज आपल्या सेटिंग जिथे ठेवतं त्या नोंदवहीतल्या, काही नोंदी असतात, आणि एखादा प्रोग्राम बसवताना आपण प्रशासकाच्या परवानगीच्या खिडकीवर 'होय' म्हटलं की त्यालाही त्या नोंदी लिहिता येतात.

ॲड्रेस बारमध्ये इंग्रजी लिपीत क्रोम, अपूर्णविराम, दोन तिरप्या रेघा आणि पुढे पॉलिसी असं लिहिलं. ज्या पानावर काहीच नसायला हवं होतं, तिथे दोन गोष्टी होत्या. एक, सक्तीने बसवायच्या एक्स्टेन्शनची यादी. दुसरी, शोधासाठी कुठलं सर्च इंजिन वापरायचं याची सक्ती, जी कुठल्याही संस्थेशी न जोडलेल्या घरच्या संगणकावर क्रोम जुमानत नाही. दोन्हींपुढे 'अनिवार्य' आणि 'संपूर्ण मशीन' अशी नोंद. आत्याचे शोध एक्स्टेन्शन आधी कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर पाठवून मग निकाल दाखवत होतं. ते एक्स्टेन्शन तिथे का होतं, त्यामागे पैसा कुठून येत होता, हे यावरून कळलं.

सक्तीच्या यादीतली नोंद एका ठरावीक घडणीची असते : एक्स्टेन्शनची ओळख, अर्धविराम, आणि ते जिथून उतरवायचं तो पत्ता. ओळख म्हणजे ३२ अक्षरांची एक माळ, आणि त्यात इंग्रजी 'ए' पासून 'पी' पर्यंतचीच अक्षरं येतात, कारण ती एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीच्या हॅशवरून, म्हणजे गणिताने काढलेल्या ठशावरून, तयार होते आणि सोळा अंकांच्या जागी सोळा अक्षरं घेतलेली असतात. दिसणारं नाव बनवणारा केव्हाही बदलू शकतो, चित्र बदलू शकतो. ही ३२ अक्षरं मात्र त्याच एक्स्टेन्शनसाठी तीच राहतात. मी ती एका कागदावर उतरवून घेतली आणि पुढचा सगळा शोध त्यांच्यावर चालवला.

आत्याचे उपाय का फसले ते आता उघड होतं. फोल्डर डिलीट केलं तर क्रोम पॉलिसी वाचतो, 'हे असायलाच हवं' असं त्यात पाहतो आणि पुन्हा उतरवून घेतो. क्रोम काढून बसवला तरी रजिस्ट्रीतल्या पॉलिसीला धक्का लागत नाही, कारण ती क्रोमच्या फोल्डरमध्ये नसतेच. आणि अँटिव्हायरसला सापडावं असं तिथे काही नव्हतंच. एका कायदेशीर सोयीचा तो रीतसर वापर होता, फक्त घरमालकिणीला न विचारता केलेला.

माझी चूक

रजिस्ट्री उघडली. स्थानिक मशीनच्या शाखेत सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या वाटेने गेल्यावर सक्तीच्या यादीचा कप्पा दिसला, आत '१' नावाची एकच नोंद, आणि तीच ३२ अक्षरं. आधी ती पूर्ण शाखा फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवली. रजिस्ट्रीत काहीही खोडण्याआधी एवढं करावंच. मग नोंदी खोडल्या, पॉलिसीच्या पानावर जाऊन पॉलिसी पुन्हा लोड केल्या, आणि एक्स्टेन्शन डोळ्यांदेखत नाहीसं झालं. यादीतून नाव गेलं की क्रोम सक्तीने बसवलेलं एक्स्टेन्शन स्वतःच काढून टाकतो. संस्थेची ओळही गेली. संध्याकाळभर सगळं ठीक चाललं. मी आत्याला सांगितलं, "संपलं हे." आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तिचा फोन. "आलं रे परत."

हे मी खोडण्याआधी तपासायला हवं होतं. नोंद ही कुणीतरी लिहिलेली गोष्ट असते. ती एकदाच, प्रोग्राम बसवताना लिहिली गेली असेल असं मी धरून चाललो. लिहिणारा अजून घरात आहे का, हे पाहिलं नाही. तिच्या कामाचा आणखी एक दिवस माझ्या घाईमुळे गेला, याचं मला आजही वाईट वाटतं.

लिहिणारा सापडला तो असा

असे लपलेले चालक शोधायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातली साधनं मला सगळ्यात भरवशाची वाटतात, आणि ती फुकट मिळतात. त्यांतलं प्रोसेस मॉनिटर हे साधन कुठला प्रोग्राम कुठल्या फाइलला आणि रजिस्ट्रीतल्या कुठल्या नोंदीला केव्हा हात लावतो ते क्षणाक्षणाला नोंदवतं. इथे अडचण अशी की लिहिणारा संगणक सुरू होतानाच काम उरकत असावा, आणि तोवर आपण साधन उघडलेलं नसतं. त्यासाठी त्यात बूट लॉगिंगची सोय आहे. ती चालू करून संगणक रीस्टार्ट केला की साधन अगदी सुरुवातीपासून नोंद ठेवत जातं, आणि आपण ते पुन्हा उघडलं की साठलेली नोंद फाइलमध्ये देतं. फाइल प्रचंड मोठी होते, डिस्कवर जागा आहे ना ते आधी बघावं.

मी पॉलिसीची नोंद पुन्हा खोडली, बूट लॉगिंग चालू केलं, रीस्टार्ट केलं, आत्याने साइन इन केलं, आणि तीन-चार मिनिटं थांबून नोंद उघडली. लाखो ओळी. गाळणीला दोनच अटी दिल्या : कृती रजिस्ट्रीत मूल्य लिहिण्याची, आणि वाटेत सक्तीच्या यादीचं नाव. एक ओळ उरली. साइन इन झाल्यावर अर्ध्या मिनिटाने पॉवरशेलने, म्हणजे लिहून दिलेले हुकूम चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाने, ते मूल्य लिहिलं होतं. पॉवरशेल आपण होऊन काही करत नाही, म्हणून प्रोसेसच्या वंशावळीत त्याच्या वर कोण आहे ते पाहिलं. वर होती विंडोजची नेमून दिलेली कामं चालवणारी सेवा.

पुढचं सोपं होतं. टास्क शेड्युलरमध्ये, अपडेटचं वाटावं अशा नावाचं एक काम सापडलं. सर्वोच्च अधिकारांनी चालणारं, कुणीही साइन इन केलं की एकदा आणि शिवाय रोज दुपारी बाराला एकदा. मी आदल्या दिवशी संध्याकाळी नोंद खोडली तेव्हा दोन्ही वेळा टळून गेल्या होत्या, म्हणून रात्रीपर्यंत सगळं शांत दिसलं. ते काम प्रोग्रामडेटाच्या फोल्डरमधली एक स्क्रिप्ट चालवत होतं. स्क्रिप्ट चाळीसेक ओळींची, साध्या मजकुरात, वाचता येण्याजोगी. ती क्रोमच्या पॉलिसीत तीच ३२ अक्षरं लिहीत होती, सर्च इंजिनची सक्ती लिहीत होती, आणि तेवढंच पुन्हा मायक्रोसॉफ्ट एजच्या शाखेतही. एज आत्या कधी उघडत नाही, त्यामुळे तिथलं कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

प्रोग्राम अनइन्स्टॉल करताना ही स्क्रिप्ट आणि हे काम मुद्दाम मागे ठेवलं गेलं होतं. चुकून राहिलं असं मी म्हणणार नाही. काढल्यावर परत बसावं एवढ्याच हेतूने लिहिलेली वस्तू, काढणारा प्रोग्राम विसरला, हे मला पटत नाही.

आणि कोसळणं?

काढण्याचा प्रश्न सुटला तरी मला कोसळण्याचं कारण हवं होतं. ते न कळता सोडलं असतं तर पुढे एडिटर पुन्हा कधी पडला, की आत्या त्याच एक्स्टेन्शनवर संशय घेत बसली असती. म्हणून काढण्याआधी आणखी अर्धा तास घेतला.

प्रोसेस मॉनिटरच्या त्याच नोंदीत क्रोम सुरू झाल्यापासून एक गोष्ट अखंड दिसत होती. सेकंदाला पाच-सहा वेळा क्रोम एक कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम चालवणारी विंडोजची काळी खिडकी, सुरू करत होता आणि तो लगेच मरत होता. प्रोसेस एक्स्प्लोररमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं, कारण नव्या प्रोसेसची ओळ हिरवी होते आणि संपलेल्याची लाल. क्रोमच्या खाली हिरवा-लाल, हिरवा-लाल असा नुसता लखलखाट चालला होता. आत्या खुर्ची ओढून शेजारी बसली आणि म्हणाली, "हे सगळं माझ्या मागे चालू होतं?"

एक्स्टेन्शनला ब्राउझरच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रामशी बोलायचं असेल तर त्यासाठी नेटिव्ह मेसेजिंग नावाची एक खिडकी आहे. रजिस्ट्रीत एक नोंद असते, ती एका छोट्या वर्णनाच्या फाइलकडे बोट दाखवते, आणि त्या फाइलमध्ये कुठला प्रोग्राम चालवायचा व कुठल्या एक्स्टेन्शनला त्याच्याशी बोलायची मुभा आहे ते लिहिलेलं असतं. इथे रजिस्ट्रीतली नोंद जागेवर होती, वर्णनाची फाइल होती, त्यात सांगितलेली बॅच फाइल, म्हणजे ओळीने हुकूम लिहिलेली फाइल, तीही होती. पण ती बॅच फाइल ज्या मूळ प्रोग्रामला हाक मारत होती, तो आत्याने दहा-बारा दिवसांपूर्वी अनइन्स्टॉल केला होता. हाक मारली, कुणी नाही, खिडकी बंद.

एक्स्टेन्शनच्या फोल्डरमधली मागे चालणारी स्क्रिप्ट उघडून पाहिली. मजकूर दाटीवाटीने एका ओळीत केलेला, तरी जोडणीचं कलम शोधता आलं. जोडणी तुटली की त्याच क्षणी पुन्हा जोडायचा प्रयत्न. मध्ये थांबणं नाही, किती वेळा याला मर्यादा नाही. आणि प्रत्येक अपयशाची नोंद एका यादीत, जी कधीच रिकामी होत नव्हती. एरवी अशी पार्श्वभूमीतली स्क्रिप्ट ३० सेकंद काही काम नसलं की क्रोम तिला झोपवतो. हिला काम नाही असा क्षणच येत नव्हता, म्हणून ती कधी झोपली नाही आणि यादी फुगत गेली, ती मेमरी फुटेपर्यंत.

जबाबदारीने लिहिणारा माणूस इथे एक सेकंद थांबतो, मग दोन, मग चार, आणि काही प्रयत्नांनंतर गप्प बसतो. ही फार जुनी रीत आहे आणि तिला पाच ओळी लागतात. त्या पाच ओळी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून एका बाईची अडीच पानं गेली. राग येतो तो याचा.

महिनोन्‌महिने ते एक्स्टेन्शन शांत का होतं, याचंही उत्तर इथेच मिळालं. प्रोग्राम जागेवर होता तोवर हाकेला ओ मिळत होती. "आत्या, तू काही चुकवलं नाहीस," मी म्हटलं. "तू जे काढलंस ते बरोबरच काढलंस. त्यांनी अर्धंच काढू दिलं."

काढण्याचा क्रम

या वेळी क्रम उलटा धरला, वरून खाली. आधी लिहिणारा, मग लिहिलेलं, मग त्याचं फळ.

क्रोम आणि एज पूर्ण बंद केले. सिस्टिम रिस्टोअर पॉइंट केला. टास्क शेड्युलरमधलं काम आधी नुसतं निष्क्रिय केलं, खोडलं नाही. काही बिघडलं तर काय होतं ते पाहता यावं, म्हणून. स्क्रिप्टची प्रत वेगळी ठेवून मूळ हलवली. मग दोन्ही ब्राउझरच्या पॉलिसीतल्या त्या नोंदी खोडल्या. स्थानिक मशीनच्या शाखेसारखीच चालू वापरकर्त्याची शाखाही पाहावी लागते, तिथे काही नव्हतं. सिस्टिम३२ मधल्या ग्रुप पॉलिसीच्या फोल्डरमध्ये कुणी काही ठेवलंय का तेही पाहिलं, कारण काही जण तिथून डाव टाकतात. इथे रिकामं होतं. मग नेटिव्ह मेसेजिंगची नोंद आणि ती बॅच फाइल गेली. शेवटी कागदावरची ३२ अक्षरं घेऊन पूर्ण रजिस्ट्रीत शोध दिला. आणखी एक ठिकाण सापडलं : क्रोमच्या बाहेरून एक्स्टेन्शन सुचवण्याची जुनी शाखा. तेही खोडलं.

डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटच्या गुणधर्मात लक्ष्याच्या रकान्यात प्रोग्रामच्या नावापुढे काही चिकटवलंय का तेही पाहिलं. काही नव्हतं, पण हे बघायला दहा सेकंद लागतात.

क्रोम उघडला. पॉलिसीचं पान रिकामं. रीस्टार्ट. रिकामं. दुपारी बारा वाजून गेल्यावर पुन्हा पाहिलं. रिकामं. टास्क मॅनेजर उघडा ठेवून आत्याने तिचं काम केलं आणि कुठलीही ओळ चढत गेली नाही.

इथे एक इशारा मनापासून देतो. हाच फिकट पडलेला खटका आणि हीच संस्थेची ओळ कार्यालयाच्या किंवा शाळेच्या संगणकावर दिसली तर ती बहुधा योग्य कारणाने असते. तिथे रजिस्ट्रीला हात लावू नये, संगणक सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं. घरच्या संगणकावरही काही सुरक्षा प्रोग्राम किंवा मुलांसाठीचे नियंत्रण प्रोग्राम स्वतःच्या पॉलिसी लिहितात. म्हणून पॉलिसीच्या पानावर काही दिसलं की लगेच खोडायला धावू नये. ती ३२ अक्षरं कुणाची आहेत ते आधी पाहावं.

त्यानंतरचं काम

आत्याला वाटलं झालं. मला मात्र हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटत होता. एक्स्टेन्शनच्या परवानग्यांत सगळ्या वेबसाइटवरचा मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची मुभा होती. म्हणजे तिने ज्या ज्या पानावर काही टाइप केलं, पासवर्ड असो की दुसऱ्याने विश्वासाने दिलेला मजकूर, ते वाचण्याची क्षमता त्याला होती. मी पाहिलं तेवढ्या वेळात त्याने शोधाचे शब्द बाहेर पाठवले. पण मी एक दुपार पाहत होतो आणि ते कित्येक महिने तिथे होतं. अशा वेळी जे वाचता आलं असतं ते वाचलं गेलं असं धरूनच वागावं.

म्हणून दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून तिने आधी ईमेलचा पासवर्ड बदलला, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. मग बँक, मग कामाची खाती. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. आधीच साइन इन असलेली सत्रं चालू राहू शकतात, म्हणून जिथे जिथे सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करण्याची सोय होती तिथे ती वापरली. दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली. सिंकमध्ये जोडलेल्या तिच्या जुन्या लॅपटॉपवरही पॉलिसीचं पान तपासलं.

मग प्रश्न आला तिच्या ग्राहकांचा. त्यांतल्या दोघांचा मजकूर गोपनीयतेच्या करारातला होता. आत्या बराच वेळ गप्प बसली. "सांगितलं तर काम जाईल," ती म्हणाली. मी काही बोललो नाही, तो निर्णय तिचा होता. संध्याकाळी तिने दोघांनाही स्वतः लिहिलं : कुठल्या तारखांच्या दरम्यान, कुठला मजकूर, कशामुळे धोक्यात आला असू शकतो, आणि आता काय केलं आहे. चार साधी वाक्यं. एकाचं उत्तर आलं, कळवल्याबद्दल आभार मानणारं, आणि पुढचं प्रकरण सोबत जोडलेलं.

पंधरा दिवस निष्क्रिय ठेवलेलं ते काम त्यानंतर मी टास्क शेड्युलरमधून खोडून टाकलं. स्क्रिप्टची प्रत अँटिव्हायरस बनवणाऱ्यांच्या तपासणीसाठी पाठवली आणि एक्स्टेन्शनच्या स्टोअरमधल्या पानावर गैरवापराची तक्रार नोंदवली. जो घरगुती संगणक कुठल्याही संस्थेच्या डोमेनला, म्हणजे तिच्या मध्यवर्ती व्यवस्थेला, जोडलेला नाही, तिथे पॉलिसीने सक्तीने बसवायचं एक्स्टेन्शन स्टोअरमधूनच यावं लागतं. म्हणजे ते तिथे अजून होतं, इतरांसाठीही. तक्रारीत मी ती ३२ अक्षरं, टास्क शेड्युलरमधल्या कामाचं नाव आणि अनइन्स्टॉलनंतर मागे राहणाऱ्या स्क्रिप्टची वाट लिहिली. आत्याने शेजारी बसून ती अक्षरं एकेक करून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि कागदाशी ताडून पाहिली.